दाखवण्याचा हक्क

तालिबानने जिवावर इनाम लावल्यावर अफगाण दिग्दर्शक हसन फाझिली पत्नी आणि दोन लहान मुलींना घेऊन देशोधडीला लागले. इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया असा तो प्रवास या कुटुंबाने तीन मोबाइलवर टिपला आणि त्यातून 2019 साली ‘मिडनाइट ट्रॅव्हलर’ हा माहितीपट झाला. वाटेत एकदा धाकटी झाहरा दिसेनाशी होते. तिला शोधताना, हा आपल्या चित्रपटातला केवढा जबरदस्त प्रसंग ठरेल, असा विचार बापाच्या मनात येऊन जातो. मुलगी सापडते, पण त्या विचाराची त्याला किळस येते. हे तो स्वतःच्या आवाजात सांगतो. पडद्यावर तेव्हा चित्र नसतं.

‘मोबाइल कसला धरताय, आधी मदत करा’ हा आक्षेप इथे अपुरा पडतो. सीमेवरच्या जंगलात लपलेल्या माणसाच्या हाती करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. तिथे चित्रण ही साक्ष असते, आणि कदाचित धीरही. खरा धोका, संकट आणखी थोडं गडद व्हावं असं मनाला वाटू लागतं तिथे आहे. फाझिलींनी तो लपवला नाही, म्हणून त्यांच्या बाकीच्या चित्रणावर माझा विश्वास बसतो.

टिपणं मी समजू शकतो. दाखवणं मात्र वेगळं. सीरियातल्या अलेप्पोच्या वेढ्यात दिग्दर्शिका वाद अल-कतीब यांनी आपल्या तान्ह्या मुलीचं, समाचं, चित्रण केलं. नवरा हमझा तिथेच रुग्णालय चालवत होता. ‘फॉर समा’ (2019) हे आईने लेकीला लिहिलेलं पत्रच आहे. रुग्णालयांवर बाँब पडत असताना हा चित्रपट जगासमोर येणं गरजेचंच होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही लेकीला उद्देशून बोलणं म्हणजे लेकीला विचारणं नव्हे. ती हो किंवा नाही म्हणण्याच्या वयाची होण्याआधीच तिचं बाळपण जगभर पोचलं.

मोठेपणी तिने एखादं दृश्य नको म्हटलं, तर ते मागे घेणार कसं? म्हणून निवड संकलनाच्या टेबलावरच व्हायला हवी. मूल सर्वांत असहाय असतं ते क्षण घरात ठेवावेत. कोसळलेल्या भिंती आणि आईबापांचे स्वतःचे चेहरे साक्ष द्यायला पुढे करावेत. यात चित्रपटाची धार कमी होईल. ती झालेली मला चालेल.