या वयात शिकायचे कशाला?



ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी तेथे 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून, आणि विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासू!

या आज्यांना नोकरी थोडीच मिळणार होती? मग हा खटाटोप कशासाठी? आपल्या घरांतही हाच प्रश्न असतो. "आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय?" असे आपण हसत म्हणतो, आणि आजी पुस्तक खाली ठेवते. ज्ञान म्हणजे अवजार, काम संपले की अडगळीत, असे आपण धरून चालतो. ॲरिस्टॉटलला हे पटले नसते. जाणण्याची ओढ माणसाच्या स्वभावातच आहे, असे तो म्हणतो. वयाची अट त्याने घातलेली नाही. फांगण्याच्या आज्यांना पोथी वाचायची होती, अंगठ्याऐवजी सही करायची होती. सही बँकेत उपयोगी पडते, हे खरे. पण आपले नाव आपल्याच हाताने उमटलेले पाहण्याचा उपयोग कोणता, हे कोणी सांगावे?

नगर-राहुरीत संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. १९३४ साली 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.

रो आणि कान या अमेरिकन अभ्यासकांनी १९८७ साली 'यशस्वी वार्धक्य' ही कल्पना मांडली. पुढे त्यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या: आजार टाळावेत, बुद्धी व शरीर चालते ठेवावे, माणसांत राहावे. सल्ला चांगलाच आहे. 'यशस्वी' हा शब्द मात्र आम्हांला खटकतो. यश आले की नापास होणेही आले. मग अंथरुणाला खिळलेले, मुलांची नावे विसरलेले आजोबा नापास का? आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा आहे, तिला गुणपत्रिका जोडलेली नाही. कोणी म्हणाले, "मला नुसते ओट्यावर बसू द्या," तर तेही मानावे. फक्त तो निर्णय त्यांचा असावा. आपल्या सोयीसाठी आपणच घेतलेला नसावा.

'उल्लास' या सरकारी साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढील कोणालाही शिकता येते आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात. आपले कॉलेजचे तरुण हे सहज करू शकतील.

आज मिस्सेनंतर घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना काय शिकायला आवडेल ते विचारा. कोणी बाराखडी म्हणेल, कोणी पेटी, कोणाला मोबाईलवर नातवाचा चेहरा पाहायचा असेल. उत्तर द्यायला त्यांना थोडा वेळ लागेल. तोवर तेथेच बसा.