हक्कांच्या जाहीरनाम्याबाहेरची माणसं

राजाला सत्ता देवाकडून मिळते, ही समजूत युरोपात शतकानुशतकं टिकली. जॉन लॉकने १६८९ साली तिच्या मुळावरच घाव घातला. माणसं स्वभावतः स्वतंत्र आणि समान आहेत, आपलं जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखण्यासाठी ती स्वतःच्या संमतीने राज्यसंस्था उभारतात, आणि राज्यकर्त्याने विश्वासघात केला तर त्याला हटवण्याचा अधिकारही त्यांचाच, असं त्याने मांडलं. याच लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. कॅरोलायना वसाहतीच्या १६६९च्या घटनेच्या कामातही त्याचा हात होता आणि त्या घटनेने मालकाला गुलामावर पूर्ण अधिकार दिला होता.

रूसोचंही तसंच. १७६२ साली 'सामाजिक करार' लिहून त्याने सार्वभौमत्व जनतेचं असल्याचं ठणकावलं. त्याच वर्षीच्या 'एमिल'मध्ये मात्र मुलीचं शिक्षण पुरुषाच्या सोयीसाठी असावं असा सल्ला दिला. या मंडळींना ढोंगी ठरवून मोकळं होता येईल, पण मग त्यांचा विचार त्यांना ओलांडून पुढे कसा गेला, हे कळत नाही. तो पुढे नेला ज्यांना त्यातून वगळलं होतं त्यांनी.

२६ ऑगस्ट १७८९ रोजी व्हर्सायमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्यात १७ कलमं होती. मताचा अधिकार मात्र ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांनाच मिळाला. १७९१ साली ओलँप द गूज हिने तितक्याच कलमांचा स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला फासावर चढवता येतं, तर तिला व्यासपीठावरही चढता आलं पाहिजे, हा तिचा युक्तिवाद बिनतोड होता. नोव्हेंबर १७९३मध्ये तिला गिलोटिनखाली मारण्यात आलं.

खरी कसोटी लागली ती कॅरिबियन समुद्रातल्या सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीत. तिथे सुमारे पाच लाख गुलाम ऊस आणि कॉफीच्या मळ्यांत राबत होते आणि फ्रेंच बंदरांची भरभराट त्यांच्या घामावर चालली होती. साहजिकच राष्ट्रीय सभा हक्कांवर बोलत राहिली आणि मळ्यांचा विषय टाळत राहिली. ऑगस्ट १७९१मध्ये गुलामांनीच बंड पुकारलं. फेब्रुवारी १७९४मध्ये फ्रान्सने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, ती या बंडाच्या रेट्याने. १८०२ साली नेपोलियनने ती परत आणली. सेंट डोमिंगने मात्र त्याच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जन्माला आलं. पुढे १८२५ साली फ्रान्सने मळेवाल्यांची भरपाई म्हणून त्याच हैतीवर १५ कोटी फ्रँकचं ओझं लादलं. समतेच्या इतिहासात मला याहून संतापजनक पान माहीत नाही.

हा धागा पुण्यापर्यंत येतो. थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक तरुण जोतीराव फुल्यांनी वाचलं होतं. १८७३चं 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं. जन्माने कुणी श्रेष्ठ कसा ठरतो, हा पेनने राजा आणि सरदारांना विचारलेला प्रश्न त्यांनी जातीला विचारला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त स्त्री-पुरुषांचे हक्क सारखेच मानले. तेव्हा फ्रान्समधल्या स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. तो मिळाला १९४४ साली, आणि त्यांनी पहिलं मतदान केलं एप्रिल १९४५मध्ये.