सांगितलेला सिनेमा

लोणारच्या धारेच्या झऱ्याकडे सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक आजोबा आहेत. रविवारी भेटले की रामराम व्हायच्या आधी त्यांचा प्रश्न येतो, "काल कोणता पिच्चर पाह्यला?" आम्ही सहा-सात जण शनिवारी रात्री एकाच्या गच्चीवर जमतो, भिंतीला पांढरी चादर ताणतो आणि छोट्या प्रोजेक्टरवर जुने चित्रपट पाहतो. आजोबांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी पायऱ्यांवर बसून त्यांना अख्खी ष्टोरी सांगावी लागते. त्यांचं "बरा होता" एवढ्यावर भागत नाही. "मंग?" ते विचारतात. मी पुढचं सांगतो. "मंग ते काय म्हणली?" इथे मी बहुतेक वेळा अडकतो. ती काय म्हणाली हे मला आठवत असतं, पण म्हणताना ती कुठे पाहत होती, हातात काय होतं, घरात आणखी कोण होतं, हे सुटून गेलेलं असतं. त्या "मंग?"ने मला गेल्या वर्षभरात चित्रपट पाहायला शिकवलं.

चित्रपट पाहणं आणि चित्रपट सांगणं या दोन गोष्टी आपल्याकडे कधीच वेगळ्या नव्हत्या. तंबूतला सिनेमा जत्रेबरोबर गावात यायचा. ट्रक, जनरेटरची धडधड, भोंग्यावरची जाहिरात, एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंतचा अंधार आणि त्यातल्या शिट्ट्या. जत्रा उठली की तंबूही उठायचा. मागे उरायचा तो ज्यांनी पाहिला त्यांच्या तोंडी असलेला सिनेमा. मेहकरला किंवा जालन्याला जाऊन थेटरात चित्रपट पाहून आलेला माणूस पुढचे आठ दिवस गावात मान मिळवून असायचा. जागलीला गेल्यावर शेकोटीभोवती तो मारामारीचे आवाज तोंडाने काढायचा, गाण्याच्या जागी गाणं म्हणायचा, रडायच्या जागी आवाज खाली आणायचा. गावातल्या निम्म्या लोकांनी कितीतरी चित्रपट असेच पाहिले, एका माणसाच्या तोंडून.

याचं मूळ कीर्तनात आहे, असं मला वाटतं. उत्तररंगातलं आख्यान समोरच्या प्रत्येकाला पाठ असतं. हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मंडळी रात्र जागवतात, कारण हा बुवा ते कसं सांगतो हे ऐकायचं असतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तो याच श्रोत्यांसाठी. आपल्याकडे गोष्ट जुनी झाली म्हणून कुणी उठून जात नाही. मग चित्रपटच तेवढा जुना झाला म्हणून का टाकायचा?

सांगण्यात एक धोकाही आहे, आणि तो आम्हाला गच्चीवरच कळला. आम्ही प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' पाहिला. दामले-फत्तेलालांचा हा १९३६ चा चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पाहताना आमच्यातले एक माळकरी गृहस्थ हात जोडूनच बसले होते. बीज आणि वृक्षाचं ते प्रसिद्ध पद संपल्यावर ते म्हणाले, "हा अभंग माझ्या वडिलांचा फार आवडता." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरची गाथा काढली आणि शोधत बसले. गाथेत तो नव्हता, कारण ते पद तुकोबांचं नाहीच. चित्रपटासाठी ते शांताराम आठवले यांनी लिहिलं. गाथेच्या वळणात ते इतकं मुरलं की पिढ्यान्‌पिढ्या ते तुकोबांचं म्हणूनच गायलं गेलं. आमचे माळकरी काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "म्हंजे त्या माणसानं गाथा किती वाचली असंल." वडिलांची आठवण त्यांनी टाकली नाही, आठवल्यांचा अधिकार त्यांनी मान्य केला. चित्रपट नुसता ऐकून ठेवला असता तर चूक तशीच राहिली असती. नुसता पाहून सोडला असता तर गाथा उघडायचं सुचलं नसतं. पाहणं, सांगणं आणि पुन्हा तपासणं, या तिन्ही गोष्टी लागतात.

दुसरा अनुभव 'कुंकू'चा. व्ही. शांताराम यांचा १९३७ चा चित्रपट, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. शांता आपटेंची नीरा मामाने लबाडीने म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली; ती या लग्नाला लग्न मानायला नकार देते. या चित्रपटात मनावर दडपण आणणारं पार्श्वसंगीत नाही. वाद्यांच्या जागी घरातले आवाज आहेत. त्यात सगळ्यात मोठा आवाज भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा. आमच्या गच्चीवर रात्री दहानंतर गाव शांत होतं, तेव्हा ती टिकटिक चादरीतून नव्हे, खालच्या माजघरातून येते आहे असं वाटलं. वकील झालेले केशवराव दाते त्या घड्याळाकडे पाहतात, तेव्हा म्हाताऱ्याला आपलं वय ऐकू येतं. हे एकाही शब्दात सांगितलेलं नाही.

आम्ही सगळ्यांनीच 'कुंकू' आधी कधीतरी पाहिलेला होता आणि सगळे तो एकाच तऱ्हेने सांगत होतो: एकटी बाई घराविरुद्ध उभी राहते. चित्रपट संपल्यावर आमच्यातल्या अंगणवाडीताई म्हणाल्या, "एकटी कुठं? ती पोरगी आहे ना तिच्या बाजूनं." त्या वकिलाच्या शिकलेल्या मुलीबद्दल बोलत होत्या. नात्याने सावत्र मुलगी आणि वयाने थोरली असूनही ती उघडपणे नीराची बाजू घेते, बापाला खडे बोल सुनावते. ती भूमिका केली शकुंतला परांजपे यांनी. कुटुंबनियोजनाच्या कामात त्यांनी पुढे आयुष्य घातलं. आमच्या सांगण्यातून ही बाई साफ गळून गेली होती. बंडखोर बाई एकटीच असते, असा साचा आमच्या डोक्यात आधीच तयार होता. चित्रपटाची आठवण त्या साच्यात बसवताना दुसरी बाई बाहेर पडली. ताईंच्या त्या एका वाक्याने ती परत आली. चारचौघांत बोलायचं ते यासाठी. एकट्याच्या आठवणीला कुणी अडवत नाही.

तेव्हापासून आमचा एक नियम झाला आहे. चित्रपट संपल्यावर आवडला की नाही हे आधी बोलायचं नाही. आधी काय दिसलं ते सांगायचं, प्रत्येकाने एक दृश्य. मत त्यानंतर. हल्ली चित्रपटाला तारे देऊन मोकळं होण्याची सवय सगळ्यांनाच लागली आहे. 'भारी' आणि 'बोअर' या दोन शब्दांत अडीच तास संपतात. मत पटकन देता येतं, दृश्य सांगायला मात्र पाहावं लागतं. चित्रपट रसास्वादाचं शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून सतीश बहादूर यांनी देशभर नेलं. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळाने आणि गावोगावच्या फिल्म सोसायट्यांनी ते चालवलं. खेळानंतरची चर्चा हे या चळवळीचं अंग होतं. लोणारला फिल्म सोसायटी नाही, पण पारावर बसून बोलायची सवय आहे. तेवढं भांडवल पुरतं.

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या चित्रपटाकडे येतो. तो आम्ही पाहिलेला नाही. १९२५ मध्ये बाबूराव पेंटरांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून 'सावकारी पाश' काढला. कथा पुन्हा ना. ह. आपट्यांचीच. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तो शेतकरी झाला होता तरुण शांताराम. देवदेवतांच्या चमत्कारांनी पडदे भरलेले असताना कर्जात बुडालेलं साधं घर पेंटरांनी पडद्यावर आणलं. बुलढाणा जिल्ह्यात बसून या चित्रपटाचं महत्त्व मला वेगळं समजावून सांगायला नको. कर्जापायी गेलेली शेतं आणि गेलेली माणसं इथे प्रत्येक गावाला माहीत आहेत. तो मूकपट आज पाहायला मिळत नाही.

पेंटरांनी पुढे त्याची बोलपट आवृत्तीही केली. तिच्यातल्या एका दृश्याबद्दल चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी लिहून ठेवलं आहे. काळोखातली एक उदास झोपडी, लांबून घेतलेली, आणि त्या शांततेत फक्त कुत्र्याचं विव्हळणं. ही आठवण आली की आपलं भान हरपतं, असं ते सांगतात. एका प्रेक्षकाने प्रामाणिकपणे सांगितलेलं एवढंच दृश्य, आणि मला त्यातून ती रात्र दिसते. एका रविवारी मी हे धारेपाशी आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुत्रं तसंच रडते. घर खाली झालं का तसंच रडते." आजोबांनी तो चित्रपट पाहिला नव्हता, मीही नाही. तरी त्या सकाळी तो आमच्या दोघांच्या मध्ये होता.

जुने चित्रपट हरवले त्याची कारणं अगदी रोकडी आहेत. त्या काळची नायट्रेटची फिल्म ठिणगी पुरेल इतकी ज्वालाग्राही. खेळ संपलेली रिळं त्यातल्या चांदीसाठी वितळवली गेली. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची प्रत उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'ची मोजकीच रिळं हाती लागली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी उभं आयुष्य डबे गोळा करण्यात घालवलं, म्हणून निदान एवढं राहिलं. तरी २००३ च्या आगीत पुण्यातली कितीतरी नायट्रेट रिळं जळाली. जतन करणाऱ्या संस्थांना पैसा, माणसं आणि थंड खोल्या मिळाल्याच पाहिजेत. त्यात तडजोड नको. पण डबा सुरक्षित असला आणि त्यातला चित्रपट कुणाच्याच तोंडी नसला, तर तो ठेवलेला असतो, जगत नसतो. 'सावकारी पाश'चं उलट झालं. मूकपटाचा डबा गेला, पण पाहणाऱ्यांनी सांगितलं म्हणून त्याची गोष्ट लोणारपर्यंत पोचली.

मूळ गेलं आणि गोष्ट उरली, हे आमच्या गावाला नवं नाही. सरोवराच्या काठावर उभं राहिलं की सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर दिसतं. ते जिने केलं ती उल्का दिसत नाही. आमच्या पूर्वजांनी त्या खड्ड्याची लवणासुराची गोष्ट सांगितली. अभ्यासक बराच काळ तो ज्वालामुखीचा मानत होते. मग १९७० च्या दशकात बेसॉल्टमध्ये आघाताने झालेल्या काचेच्या खुणा सापडल्या आणि उल्कापाताची खात्री झाली. वय आधी पन्नास हजार वर्षं धरलं होतं, नंतरच्या मोजणीत ते साडेपाच लाखांपलीकडे गेलं. खड्डा तोच होता. लोक पुन्हा पुन्हा आले, नीट पाहिलं, आधीच्याचं म्हणणं तपासलं आणि आपलं सांगितलं. जुन्या चित्रपटाकडे मला याच रीतीने जायचं आहे.

परवाच्या शनिवारी आम्ही 'सामना' पाहिला. रविवारी पायऱ्यांवर मी आजोबांना हिंदुराव धोंडे पाटलाचा वाडा सांगितला, दारूडा मास्तर सांगितला, गावातून नाहीसा झालेला मारुती कांबळे सांगितला. फिरायला आलेली दोन कॉलेजची पोरं थांबून ऐकत होती. आजोबांनी सवयीने विचारलं, "मंग?" मी पुढे बोलणार, इतक्यात त्यातला एक पोरगा म्हणाला, "काका, पुढचं सांगू नका. शनिवारी आम्ही येतो. आजोबाले आम्ही सांगू."