बिऱ्हाड आणि गाव

माणसाच्या वास्तव्याला आपल्या मराठीत दोन शब्द आहेत: घर आणि बिऱ्हाड. घराला विहीर असते, बांध असतो, शेजार असतो आणि त्या शेजाराशी चालत आलेले एखादे जुने भांडणही असते. बिऱ्हाड विंचवाचे, ते पाठीवर. आता वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस एखाद्या प्रशस्त संकुलात, कर्ज फेडून स्वतःच्या नावावर केलेल्या सदनिकेत वीस वर्षे राहणारा सद्गृहस्थ घरात राहतो की बिऱ्हाडात? कागदपत्रे पाहिली तर ते घरच. पण तो पहाटे निघतो आणि रात्री परततो. इमारतीमागून वाहणारा नाला कोठून येतो व कोठे जातो हे त्याला ठाऊक नसते, आणि तळमजल्यावरील वृद्धा वारल्याचे त्याला सूचनाफलकावरून कळते. जेथे आपण केवळ झोपतो त्या स्थळाचे आपण काही देणे लागतो काय, हा प्रश्न आम्हांला बराच काळ सतावत आहे. तो केवळ नवागतांना विचारावयाचा नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

गाडीचे आणि वसईचे नाते जुने आहे. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यात विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. त्यानंतरही कित्येक वर्षे ही गाडी आपला माल नेत असे: भाजी, केळी, फुले, विड्याची पाने. आपल्या आयाबहिणी पाट्या घेऊन दादरला उतरत आणि विक्री आटोपून पुन्हा वाडीत परतत. गावच मुंबईला जाऊन येत असे म्हणा ना! पुढे मुंबई गावात झोपावयास येऊ लागली. १९९० साली या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांचा लढा, २००९ साली महानगरपालिका झाली तेव्हाचे गावे वगळण्यासाठीचे आंदोलन, हे सारे वाचकांना तोंडपाठ आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती.

या इतिहासाची एक बाजू मात्र आपण सहसा उच्चारीत नाही. जमिनीचा एक तुकडा विकून आपणही मुलांना शिकविले, कौलारू घराच्या जागी बंगला उभारला, त्याला संगमरवर लावला. यात गैर काही नाही. भाजीला भाव किती मिळतो हे वाडीत राबलेल्या माणसाला कोणी सांगावयास नको. पण त्या बंगल्यातील मुलगाही आता तीच पहाटेची गाडी पकडतो. जुना भूमिपुत्र आणि नवा सदनिकाधारक एकाच डब्यात चौथ्या सीटसाठी दाटीवाटीने बसतात आणि रात्री एकाच गावी मुक्कामास येतात. तरीही आपण त्यांतील एकाला 'गाववाला' म्हणतो आणि दुसऱ्याला 'उपरा'.

या दोघांवर वेदीवरून शब्दांचे आसूड ओढणे सोपे आहे. आमच्या काही धर्मगुरुबंधूंना तो मोह आवरत नाही. त्यांनी एक साधा हिशेब करावा. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटर. घरापासून स्थानक, पुलावरील गर्दी, सुटलेली गाडी हे सारे धरून जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास सहज जातात. वर्षाचे २८० दिवस आणि नोकरीची ३० वर्षे धरली तर २५,२०० तास होतात, म्हणजे रात्र नि दिवस अखंड मोजली तर जवळजवळ तीन वर्षे. आयुष्याची तीन वर्षे एका पायावर उभ्याने काढलेल्या माणसाला रात्री साडेनऊला शेजारधर्म शिकविणाऱ्याने आधी एकदा विरार लोकलमध्ये शिरून दाखवावे. शिवाय त्या डब्यातही एक शेजार असतो. तेथे भजने होतात, वाढदिवस साजरे होतात, एखाद्याच्या मुलीच्या लग्नाला वर्गणीही जमते. माणसाची माणुसकी आटली आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. ती रुळांवर राहते, एवढेच.

मग प्रश्न नेमका काय आहे? ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात याची फार पूर्वी चिकित्सा केली आहे. एखाद्या ठिकाणी राहतो म्हणून कोणी तेथील नागरिक होत नाही, असे तो म्हणतो. पुढे तो एक कल्पना करतो: सुतार, शेतकरी, चांभार अशी दहा हजार माणसे जवळजवळ राहतात, एकमेकांशी देवघेव करतात आणि परस्परांना फसवीत नाहीत. त्याच्या मते एवढ्याने नगर होत नाही. चांगले जीवन सर्वांनी मिळून जगावे ही इच्छा तेथे असावी लागते. (गुलाम आणि स्त्रिया यांना त्याने त्या नगराच्या कारभारातून वगळले, हे त्याचे वैगुण्य विसरता येत नाही.) संकुलातील आपला सद्गृहस्थ या कसोटीवर कोठे बसतो? तो कोणाला फसवीत नाही, देखभालखर्च वेळेवर भरतो, कर चुकवीत नाही. त्याने कर्तव्यांचे रूपांतर पैशांत केले आहे. सुबत्ता असलेल्या गावाचे खरे लक्षण हेच आहे, असे आम्हांला वाटते. तेथे जवळजवळ प्रत्येक कर्तव्यासाठी पर्यायी माणूस पगारावर मिळतो. पाण्यासाठी टँकर, मुलांसाठी शिकवणी, वृद्ध आईसाठी बाई, दारासाठी पहारेकरी.

लूककृत शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दृष्टान्त या दृष्टीने पुन्हा वाचावा. त्या श्रीमंताने लाजराला लुबाडले, मारले, हाकलले असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. लाजर त्याच्या दाराशी पडून होता, एवढेच सांगितले आहे. आपल्या काळी लाजर दाराशी पडून राहत नाही. तो गणवेश घालून तेथेच उभा असतो, मोटार आत येताना सलाम करतो आणि पाळी संपली की चाळीतल्या एका खोलीत चारचौघांबरोबर झोपतो. त्याचा पगार आपण देतो, म्हणून त्याचे नाव विचारण्याची गरज आपल्याला वाटत नाही. पगार देणे हे न्यायाचे आहे, ते टाळू नये. परंतु न्याय चुकता केला म्हणजे शेजार चुकता झाला, असे मानण्यात मोठी गफलत आहे.

आणि पैशाने न भागणारी कर्तव्ये असतात याचा पुरावा केवळ धर्मग्रंथातच सापडतो असे नाही. आपल्या वाड्यांतील बावखले आठवावीत. पावसाचे पाणी धरून ठेवणारी ही गोड्या पाण्याची लहान तळी. त्यांच्यामुळे विहिरींना झरे फुटत आणि पावसाळ्यातील लोंढा जागच्या जागी जिरे. बावखल कागदोपत्री कोणाचेही असले तरी त्याचे पाणी जमिनीखालून साऱ्या आळीला मिळत असे. संत थॉमस अक्विनस यांनी संपत्तीविषयी जे शिकविले, की मालकी खाजगी असू शकते, पण उपयोग सर्वांसाठी असावा, ते आपल्या पूर्वजांनी तो ग्रंथ न वाचता जमिनीत खणून ठेवले होते. मग जमिनीला भाव आला. बावखल ही पडीक जागा ठरली. भराव कोणी टाकला? बिल्डरांनी टाकला, आणि आपणही टाकला. बंगल्यापुढे मोटार उभी करावयास जागा हवी होती. जुलै २०१८ मध्ये पावसाने शहर बुडविले, लोकल बंद पडल्या, वीज गेली, आणि वीज नाही म्हणून उंच इमारतींत पाणी चढेना. त्या दिवसांत कोणत्याही दराने जे विकत मिळत नव्हते ते एकेकाळी मागच्या वाडीत फुकट होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. जुने गाव काही स्वर्ग नव्हता. तेथे कोण कोणाच्या घरी जातो यावर शंभर डोळे असत. जातीपोटजातींचे कुंपण चर्चच्या आवारातही शिरे. सुनेला मोकळा श्वास घेता येत नसे. अनेक भगिनींना सदनिकेच्या बंद दाराने पहिल्यांदा स्वातंत्र्य दिले. आम्ही हे मान्य करतो, आणि म्हणूनच 'पूर्वीचे गाव परत आणा' या घोषणेत आम्हांला रस नाही. पण कोणी डोकावू नये म्हणून लावलेले दार आणि कोणी हाक मारली तरी ऐकू येऊ नये म्हणून लावलेले दार, यांत भेद करता आला पाहिजे.

येथे एका शब्दाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपण ज्याला 'धर्मग्राम' म्हणतो त्याचे इंग्रजी नाव 'पॅरिश' हे मूळ ग्रीक 'पारोइकिया' या शब्दापासून आले. त्याचा अर्थ ग्राम असा नाही. परक्या ठिकाणी केलेला मुक्काम, असा आहे; आपल्या भाषेत, बिऱ्हाड! पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्तसभेने करिंथच्या ख्रिस्तसभेला पत्र लिहिले, तेव्हा दोन्ही ख्रिस्तसभांचा उल्लेख त्या त्या नगरात मुक्कामास असलेल्या असाच केला. थोडक्यात, या धर्मग्रामात मूळचा असा कोणीच नाही. सातबारा दाखवून 'गाव आमचे' म्हणणाऱ्याचा दावा यामुळे ढिला होतो, पण 'आम्ही काय, बिऱ्हाडकरू' म्हणून अंग काढून घेणाऱ्याचीही सुटका होत नाही. कारण बाबेलला बळाने नेलेल्या निर्वासितांना यिर्मयाने जे पत्र पाठविले त्यात त्यांनी तेथे घरे बांधावीत, वाड्या लावाव्यात आणि त्या परक्या नगराचे हित पाहावे, असे सांगितले होते. ती माणसे स्वखुशीने तेथे गेली नव्हती. त्यांना परतीची ओढ होती. तरीही नगराच्या हिताचा भार त्यांच्यावर टाकला गेला.

नगराचे हित पाहावयाचे तर वेळ लागतो, आणि वेळ तर गाडीने नेला. म्हणून आमची सूचना अगदी किरकोळ आहे. ग्रामसभा, सोसायटीच्या सभा, धर्मग्राम मंडळाच्या बैठका या ज्यांना सवड आहे त्यांच्या सोयीने ठरतात. मग कामावर जाणारी माणसे येत नाहीत म्हणून त्यांनाच दोष दिला जातो. त्या रविवारी ठेवाव्यात, आणि पहारेकऱ्यालाही त्या वेळी सुटी मिळेल असे पाहावे. काही आळ्यांत अजून एखादे बावखल शिल्लक आहे. मे महिन्यात त्याचा गाळ काढावा लागतो. त्याला पाचसहा माणसे, घमेली आणि एक सकाळ पुरते. चर्चगेटला जाणाऱ्यांपैकी कितींना त्याची वाट ठाऊक आहे, हे पुढच्या मिस्सेनंतर आम्ही विचारणार आहोत.