दोन्हीकडचे शहीद

एकाच युद्धात दोन्ही बाजूंनी मरणारा माणूस शहीद असू शकतो काय? हा प्रश्न मौलवींसाठी नाही, तो आपल्या सर्वांसाठी आहे. 22 सप्टेंबर 1980 रोजी इराकी फौजा इराणच्या हद्दीत शिरल्या आणि 20 ऑगस्ट 1988 रोजी तोफा थांबल्या. जवळजवळ आठ वर्षे एकच कलमा पढणारी, एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज अदा करणारी माणसे एकमेकांना मारीत होती. दोन्ही सरकारांनी आपापल्या मृतांना शहीद म्हटले. मृतांच्या नेमक्या संख्येवर अभ्यासकांचे एकमत नाही, पण ती लाखांत आहे याविषयी दुमत नाही.

ते युद्ध चालू असताना आमच्या मोहल्ल्यांतही बाजू घेतल्या गेल्या. कुणी त्याला शिया-सुन्नींचे भांडण म्हटले, तर कुणी अरब-अजमचे. 'हे वैर चौदाशे वर्षांचे आहे' असे म्हणून आम्ही चहाचा पेला खाली ठेवला आणि घरी निघून गेलो. आता मागे वळून पाहताना वाटते, त्या एका वाक्याने आम्ही किती जणांना दोषमुक्त करून टाकले! वैर चौदाशे वर्षांचे असेल तर आजचा कुणीच गुन्हेगार उरत नाही. सारा दोष इतिहासाच्या माथी मारला की जिवंत माणसांचे हात आपोआप स्वच्छ होतात.

पण हे उत्तर खरे तरी आहे काय? इराकच्या फौजेतले बहुसंख्य साधे शिपाई शिया होते. ते इराणच्या बाजूला गेले नाहीत, आपल्या देशासाठी लढले. इराणच्या खुझिस्तान प्रांतात अरब राहतात. ते सद्दाम हुसेनच्या स्वागताला धावून येतील ही बगदादची अटकळ होती, तीही साफ चुकली. सीरिया तर अरब देश आणि तिथे राज्यही बाथ पक्षाचेच. तो उभा राहिला इराणच्या पाठीशी. पंथ आणि वंश हेच कारण असते, तर हे असे घडले नसते.

मग भांडण कशाचे होते? पहिले, पाण्याचे. तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र होऊन जी शत्त-अल-अरब नदी आखातात उतरते, तिच्या काठावर इराकचे बसरा आहे आणि इराणचे खुर्रमशहर व आबादान. इराकला समुद्रकिनारा अगदी थोडा. ही नदी म्हणजे त्याचा घसाच. 1937 च्या कराराने नदीचा बहुतेक भाग इराकला मिळाला होता. 1969 मध्ये इराणच्या शहाने तो करार झुगारला आणि इराकमधल्या कुर्दांच्या बंडाला हत्यारे पुरवली. अखेर मार्च 1975 मध्ये अल्जिअर्स येथे तडजोड झाली. नदीच्या खोल प्रवाहाच्या मध्यावर सरहद्द मानायची आणि त्या बदल्यात शहाने कुर्दांचा हात सोडायचा. शहाने तो सोडला आणि काही आठवड्यांत कुर्दांचे बंड चिरडले गेले. तेही मुसलमानच होते. त्यांची बाजू घेऊन आमच्या मोहल्ल्यात कुणी भांडल्याचे आम्हाला आठवत नाही.

दुसरे कारण, गादीचे. 1979 च्या फेब्रुवारीत इराणात क्रांती यशस्वी झाली आणि जुलैमध्ये सद्दाम इराकचा राष्ट्राध्यक्ष झाला. आयातुल्ला खोमेनी तेरा वर्षे इराकच्या नजफमध्ये राहिले होते, 1978 मध्ये इराकनेच त्यांना बाहेर काढले होते. आता तेहरानहून बाथ राजवट उलथून टाकण्याची हाक दिली जात होती. एप्रिल 1980 मध्ये इराकी मंत्री तारिक अझीझ यांच्यावर हल्ला झाला आणि त्याच महिन्यात सद्दामच्या राजवटीने आयातुल्ला मुहम्मद बाकिर अल-सद्र आणि त्यांच्या भगिनीला ठार केले. एकीकडे क्रांती निर्यात करण्याची हौस, दुसरीकडे खुर्ची जाण्याची भीती. त्यातच इजिप्तने इस्रायलशी समझोता केल्यामुळे अरबांच्या पुढारीपणाची जागा रिकामी झाली होती आणि सद्दामची नजर तिच्यावर होती.

तिसरे कारण, तेलाचे. 1979 च्या भाववाढीने इराकची तिजोरी भरली होती. इराणचे बहुतेक तेल खुझिस्तानात आणि आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. इराणच्या लष्करातले अनेक अधिकारी क्रांतीनंतर मारले वा काढले गेले होते. अमेरिकी वकिलातीतल्या ओलिसांच्या प्रकरणानंतर अमेरिकी विमानांचे सुटे भागही मिळेनासे झाले होते. शेजारी आजारी पडला असताना त्याचे शेत बळकवावे, तसा हा हिशेब होता. 17 सप्टेंबर 1980 रोजी सद्दामने 1975 चा करार रद्द केला. त्याच करारात वाद मिटवण्याची रीत लिहून ठेवलेली होती, लवादाची तरतूद होती. ती रीत कुणी वापरली नाही.

म्हणूनच आम्हाला वाटते, कारण आणि सबब यांत फरक केला पाहिजे. नदी होती, तेल होते, भीती होती. ही सारी कारणे खरी. पण नदी तोफ डागत नाही. कारणे माणसाला उंबरठ्यापर्यंत आणतात, उंबरठा ओलांडतो तो माणूसच. आणि ओलांडल्यावर मात्र तो मजहबचे नाव घेतो. सद्दामने आपल्या युद्धाला कादिसियाचे नाव दिले, इराणने आपल्या मोहिमांना करबलाचे. करबलातले हौतात्म्य हे सत्तेपुढे मान न झुकवणाऱ्याचे. ते सत्तेच्याच हाती पडले.

इथे न्यायाने बोलायचे तर दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. इराणवर हल्ला झाला होता, लढणे त्याचा हक्क होता. मे 1982 मध्ये त्याने खुर्रमशहर परत मिळवले. इराक युद्ध थांबवायला तयार झाला. परंतु आक्रमकाला शिक्षा झालीच पाहिजे म्हणून जुलैमध्ये इराणी फौजा बसऱ्याच्या दिशेने सरहद्द ओलांडून गेल्या. पुढची सहा वर्षे त्या निर्णयाची आहेत. मिसरूडही न फुटलेली पोरे स्वयंसेवक म्हणून सुरुंग पेरलेल्या रानात गेली. समोरून इराकने विषारी वायू सोडला आणि मार्च 1988 मध्ये हलबजा गावात आपल्याच देशातल्या हजारो कुर्दांना त्या वायूने मारले. सूरह हुजुरातचा आशय आपल्याला ठाऊक आहे: दोन मोमिन गट लढले तर समेट घडवा, एकाने जुलूम केला तर त्याला रोखा, आणि तो मागे फिरला की न्यायाने सुलह करा. आपण पहिला भाग तोंडपाठ करतो, दुसरा भाग शत्रूला ऐकवतो आणि शेवटचा विसरतो.

विसरण्यात फायदा असणारेही पुष्कळ होते. सोव्हिएत संघ आणि फ्रान्सने इराकला शस्त्रे विकली. अमेरिकेने इराकला गुप्त माहिती पुरवली आणि इराणलाही चोरून क्षेपणास्त्रे विकली; हे 1986 मध्ये उघड झाले. चीनचा माल दोन्हीकडे गेला. सौदी अरेबिया आणि कुवेतने इराकला अब्जावधी डॉलर दिले. उम्मतचा पैसा उम्मतच्या छातीत गोळी होऊन शिरला.

ते कर्जच पुढच्या युद्धाचे बीज ठरले. कर्जात बुडालेल्या इराकने 2 ऑगस्ट 1990 रोजी आपल्या सावकारावर, कुवेतवर, झडप घातली. तेव्हा कुवेतमधून दीड लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणावे लागले. ज्या घरांची चूल आखाताच्या मनिऑर्डरीवर पेटत होती, तिथे कमावता माणूस नेसत्या कपड्यांनिशी परतला. दूरच्या भांडणाची झळ तेव्हा कुठे आम्हाला लागली. त्याच ऑगस्टमध्ये सद्दामने इराणला कळवले की, 1975 चा करार आपल्याला मान्य आहे. ज्या रेषेसाठी लाखो माणसे गेली, ती रेषा एका पत्राने होती तिथे परत आली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कोण शहीद, हे ठरवण्याचा अधिकार आपला नाही. खंदकात मेलेल्या त्या पोराची नियत अल्लाहला ठाऊक. त्याच्यासाठी, तो बसऱ्याचा असो की आबादानचा, दुआ करावी. पण त्याला तिथे कुणी पाठवले, कुणी बंदूक विकली आणि कुणी कर्ज दिले, हे विचारायला कयामतपर्यंत थांबण्याची गरज नाही. आणि या यादीत खाली कुठेतरी आमचेही नाव असेल. आम्ही बंदूक विकली नाही, कर्जही दिले नाही. आम्ही फक्त मरणाऱ्याचा पंथ विचारला आणि दुसरे काही विचारलेच नाही.