पुन्हा अंगठा

मराठीत 'अंगठेबहाद्दर' हा शब्द कोणी कौतुकाने वापरत नाही. ज्याला सही येत नाही, ज्याच्यासाठी दुसरा कोणीतरी कागद वाचतो आणि 'इथे लावा' म्हणून बोट टेकवून दाखवतो, तो अंगठेबहाद्दर. अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे हे न कळल्यामुळे शेत गेल्याच्या, वाटा बुडाल्याच्या गोष्टी आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळतात. म्हणून साक्षरतेची चळवळ ही नुसत्या बाराखडीची चळवळ कधीच नव्हती. 'माझ्या नावावर काय चालले आहे ते मला वाचता आले पाहिजे' हा तिचा खरा अर्थ होता.

आता काळाची गंमत पाहा. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा, बँक मित्राकडे आधारवरून पैसे काढायचे तर अंगठा, नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा. ज्यांनी चाळीस वर्षे हजेरीपटावर मोत्यासारखी सही केली, ते निवृत्त गुरुजीही आज अंगठा पुढे करून उभे आहेत. निंदण-खुरपण करून ज्या आजीच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, तिला तर यंत्र ओळखतही नाही. ती पदराला बोट पुसते आणि पुन्हा ठेवते. ही अडचण यंत्रवाल्यांच्या ध्यानात आली. 'जीवन प्रमाण' ही हयातीच्या दाखल्याची सोय २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि २०२१ पासून चेहऱ्यावरूनही तो दाखला काढता येऊ लागला. यंत्रे सुधारतात, पुढेही सुधारतील. पण जुना प्रश्न तसाच आहे : अंगठा ज्याचा, त्याला पडद्यावर काय लिहिले आहे ते कळते का?

सौंसरला माझ्या ओसरीवर आठवड्यातून दोन दुपारी शेजारपाजारची वडीलधारी मंडळी फोन शिकायला जमतात. शिकवणी म्हणावी असे त्यात काही नाही. चार खुर्च्या, एक सतरंजी आणि वाकवून वाकवून चालवलेला चहा. नवीन आलेला प्रत्येकजण पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलतो : "मले काय समजते त्याच्यातलं? तूच करून दे ना बापा!" या वाक्यावरच मला या लेखात विचार करायचा आहे. कारण करून देणे सोपे असते, त्यात वेळ वाचतो, आणि वर पुण्यही लागल्यासारखे वाटते.

पण करून देताना आपण काय काय घेतो? समजा, एका म्हातारीचे बँकेत खाते आहे. पासबुक तिच्या नावाचे, पैसेही तिचे. पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा किंवा पुतण्याचा. पेन्शन जमा झाल्याचा संदेश त्याच्या फोनवर येतो, पैसे काढताना लागणारा ओटीपीही त्याच्याच फोनवर येतो. यात कोणी चोर नाही, पुतण्या अगदी सज्जन आहे. तरीही तिला दर महिन्याला विचारावे लागते, "माझे आले का रे?" आपल्या आया-आज्या तुरीच्या डब्यात, धान्याच्या कणगीत दोन पैसे दडवून ठेवत. ती लपवाछपवी नव्हती. लेकीच्या हातावर गुपचूप काहीतरी ठेवता यावे, कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढे ते स्वातंत्र्य होते. बँकेच्या खात्याने ते वाढायला हवे होते. नंबर दुसऱ्याचा असला की डब्याचे झाकण कायमचे दुसऱ्याच्या हातात जाते.

म्हणून मला वाटते, 'करून देणे' आणि 'शिकवणे' यांतला फरक हा सोयीचा फरक नाही, नीतीचा आहे. करून देणाऱ्याच्या मनात प्रेम असेल, पण निर्णय त्याच्या हाती जातो. शिकवणाऱ्याचा वेळ जातो, निर्णय मात्र ज्याचा त्याच्याकडे राहतो. आपण म्हाताऱ्यांना नाही म्हणत नाही. आपण त्यांना वेळ द्यायला नाही म्हणतो, आणि त्या नकारालाच मदत असे नाव देतो.

सरकारची दृष्टीही या बाबतीत फार वेगळी नव्हती. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले, तेव्हा त्याचे लक्ष १५ ते ३५ वयाच्या लोकांवर होते. त्याच्या आधी, १९५९ साली, साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली होती. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपले सौंसर-पांढुर्णे मध्य प्रदेशात राहिल्यामुळे महाराष्ट्रातल्या त्या मोहिमेची हाक आपल्यासाठी नव्हती. पुढे २०१७ साली ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री डिजिटल साक्षरता अभियान आले. सहा कोटी घरांपैकी प्रत्येक घरातल्या एकाला शिकवायचे, असे मोठे लक्ष्य त्यात होते. पण वयाची अट १४ ते ६० ! जरा हिशेब करा. १९८८ साली जो ३६ वर्षांचा होता तो पहिल्या यादीतून सुटला, आणि २०१७ साली ६५ चा झाल्यामुळे दुसऱ्या यादीतूनही सुटला. तीच पिढी दोनदा वगळली गेली. वयाची वरची रेघ ओढताना 'यांना आता काय करायचे आहे शिकून' हे गृहीत धरलेले असते. आणि रेशन, पेन्शन, दवाखाना या साऱ्यांची कामे तर याच पिढीला सर्वांत जास्त पडतात. २०२२ पासूनच्या नव्या साक्षरता कार्यक्रमात मात्र १५ वर्षांवरील सर्वांना जागा आहे आणि डिजिटल साक्षरतेचाही समावेश आहे. उशिरा का होईना, रेघ पुसली गेली.

वय आड येत नाही, हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी-दप्तर घेऊन बसल्या. केरळने तर गावोगाव स्वयंसेवक पाठवून २१ लाखांहून अधिक लोकांना फोनचा वापर शिकवला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःला संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर केले. तिथे शिकणाऱ्यांत शंभरी पार केलेले गृहस्थही होते. मुख्य म्हणजे तिथे लोकांना वर्गात बोलावले नाही. शिकवणारे घरी गेले, रोजगार हमीच्या कामावर गेले.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, तो दुभाषी मुलखातल्या वाचकाला वेगळा सांगायला नको. आमची जुनी पिढी मराठी शाळेत शिकली, अर्ज येतो हिंदीत आणि फोन उघडतो इंग्रजीत. 'सत्यापन' या शब्दाशी अडलेल्या आजोबांना 'पडताळणी' म्हटले की लगेच उजाडते. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत दंड होते, हा विनोद आपल्या घरोघरी जुना आहे. पण परक्या भाषेत, घाईत आणि चारचौघांत शिकवले तर म्हाताऱ्यांच्या बाबतीत तो विनोद राहत नाही. म्हणून आमच्या ओसरीवर पहिला धडा असतो फोनची भाषा मराठी करण्याचा, आणि दुसरा अक्षर मोठे करण्याचा. कोरड्या बोटाचा स्पर्श पडदा कधी कधी घेत नाही आणि थरथरते बोट रेंगाळले की भलतेच काही उघडते. हा दोष बुद्धीचा नाही, हे आधी सांगावे लागते. प्रत्येकाने पायऱ्या आपल्या हाताने वहीत लिहायच्या. आणि शिकवणाऱ्यासाठी नियम एकच : त्यांचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. बोलून सांगायचे, दहा वेळा सांगायचे. हा नियम पाळणे किती कठीण आहे, हे ज्याने पाळून पाहिले त्यालाच ठाऊक.

काही जण म्हणतील, "म्हाताऱ्यांना फोन शिकवला तर फसवले जातील, दूर ठेवलेलेच बरे." ही भीती खोटी नाही. 'डिजिटल अटक' म्हणून धमकावून शिकल्यासवरल्या लोकांनाही लुबाडले गेले आहे. पण अज्ञान हे काही चिलखत नव्हे. एटीएमचे कार्ड आणि पिन दुसऱ्याजवळ देऊन बसलेला माणूस सुरक्षित कसा? अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागत नाही, ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, आणि फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा. एवढ्या चार गोष्टी ज्याला पाठ आहेत, त्याच्या हाती काठी तरी आहे.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. ज्याने ऐंशी वर्षे राबून काढली, त्याला आता हा नवा अभ्यास लादायचा का? न शिकण्याचा हक्क त्याला नाही का? मला वाटते, आहे. खिडकीमागे बोलणारा माणूस मागणे हा आळस नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या नोव्हेंबरात सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा देण्यास बँकांना सांगितले, ते याच समजुतीतून. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हे जगण्याच्या हक्काचाच भाग मानले. अॅसिड हल्ल्यातील पीडितांना आणि अंधांना केवायसीसाठी पापण्या मिटून दाखवता येत नाहीत, तो विषय न्यायालयापुढे होता. त्यातून घेण्यासारखा बोध असा की, माणसाने यंत्राजोगे व्हायचे नसते, यंत्राने माणसाजोगे व्हायचे असते. तेव्हा शिकवायचे ते हक्क म्हणून. सक्ती म्हणून नव्हे.

मग मर्यादा कुठे घालावी? माझा हिशेब साधा आहे. विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, अर्जातली किचकट रकाने ही खुशाल करून द्यावीत. त्याने कोणाचा मान जात नाही. पण तीन गोष्टी ज्याच्या त्याच्याच हातात असाव्यात : आपला पैसा, आपली ओळख आणि आपल्या माणसांशी बोलणे. या तीन ठिकाणी जो दुसऱ्यावर अवलंबून राहिला, तो कितीही लाडाचा असला तरी पराधीन झाला.

दिवाळीला नागपूर-पुण्याहून मुले-नातवंडे सौंसर-पांढुर्ण्याला येतील. जुना फोन आजीला देऊन नवा घेण्याची रीत आता घराघरांत पडली आहे. या वेळी फोनबरोबर चार सकाळीही द्याव्यात. पहिल्या सकाळी भाषा आणि अक्षर, दुसऱ्या सकाळी नातीला स्वतः लावलेला व्हिडिओ फोन, तिसऱ्या सकाळी वहीत लिहिलेल्या त्या चार गोष्टी. आणि चौथ्या सकाळी तिला बरोबर घेऊन बँकेत जावे, आणि खात्याला जोडलेला आपला नंबर काढून तिचा नंबर घालावा. पुढच्या महिन्यात पेन्शन जमा झाल्याचे तिला आधी कळेल, आपल्याला ती सांगेल तेव्हा. वाटले तर सांगेल.