बापाची पाठ

पावसाने चार दिवस उघडीप दिली, की आंबिवली-टिटवाळ्यामधल्या काळू नदीच्या काठची डबकी निवळतात. सकाळी फिरायला गेलो, की मी तिथे उकिडवा बसतो. वर पाणनिवळ्या पळत असतात, त्या सगळ्यांनाच दिसतात. मी शोधतो तो शेवाळाला डोकं खाली करून लटकलेला, बदामाएवढा पाणढेकूण. पुढचे दोन पाय विळ्यासारखे. डासाची अळी, बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, जे टप्प्यात येईल ते धरायचं, सोंड खुपसायची, लाळेने आतलं मांस विरघळवायचं आणि शोषून घ्यायचं. धरायला गेलात तर तुमच्या बोटालाही तो सोडत नाही.

आज या दरोडेखोराच्या पाठीवर अंडी होती, कणसावरच्या दाण्यांसारखी दाटीने उभी.

अंडी वाहणारी ती आई, असं पूर्वीचे अभ्यासकही धरून चालत. फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर यांनी 1899 मध्ये, याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांवर, तो नर असल्याचं दाखवलं. पण बिचाऱ्यावर हे ओझं बळजबरीने लादलं जातं, असा त्यांचाही समज झाला. पुढे 1970 च्या दशकात रॉबर्ट स्मिथ यांना वेगळंच दिसलं. नर मादीला दोन-चार अंडी घालू देतो, थांबवतो, पुन्हा जुगतो, मग पुढची घालू देतो. अंडी आपलीच, याची खात्री करून घेतल्याशिवाय पाठ देत नाही. हिशेबी गडी!

हिशेब झाला, की मात्र हात राखत नाही. पंख अंड्यांखाली दबलेले, उडणं बंद. त्याला स्वतःला मागच्या टोकाच्या नळीने वरची हवा मिळते, पाण्याखाली दबा धरून राहता येतं. अंड्यांना नळी नाही. बुडून राहिली तर गुदमरतात, उघड्यावर राहिली तर सुकतात. म्हणून आठवडाभर, कधी त्याहून जास्त, हा शिकारी लपायचं सोडून पाण्याच्या पृष्ठभागाशी येतो आणि पाठ वरखाली करत राहतो.

चार हातांवर एक ढोकरी मान आखडून उभी होती. मी उठलो, तशी ती उडाली. पुलावरून कसारा लोकल धडधडत गेली, डबक्याला बारीक लाटा आल्या. त्याचं वरखाली चालूच होतं.